व्हिजिटिंग कार्ड स्कॅनर घेताना: आधी कॉम्प्युटर तपासा, मशीन नंतर

बेळगावच्या उद्यमबागेतली कारखान्यांची ऑफिसं, रविवार पेठेतले व्यापारी, निपाणीतले तंबाखूवाले, खानापूरचे ठेकेदार, कुणाचाही ड्रॉवर उघडा. रबर बँड लावलेले व्हिजिटिंग कार्डांचे गठ्ठे निघतात. ते एकदाचे कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरलं की बहुतेक जण ऑनलाइन जातात, किंमत आणि डीपीआय (चित्र किती बारकाईने टिपलं जातं त्याचा आकडा) बघतात आणि स्कॅनर मागवून मोकळे होतात. मग तीनपैकी एक अडचण ठरलेली. विंडोजला ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, सापडत नाही. किंवा स्कॅन छान येतं, पण कार्डावरचं मराठी-कन्नड वाचलंच जात नाही. किंवा वाचलेलं सगळं एक्सेलमध्ये उघडलं की अगम्य चिन्हांचा गोंधळ दिसतो. या तिन्ही अडचणींत मशीन सहसा चांगलंच असतं. चुकलेला असतो तो क्रम.

म्हणून या लेखात मशीन चौथ्या टप्प्यावर येतं. त्याआधी कॉम्प्युटर, मग कार्डं, मग भाषा.

सुरू करण्याआधी एवढं पक्कं समजून घ्या: स्कॅनर फक्त चित्र काढतो. त्या चित्रात नाव कुठलं, मोबाइल नंबर कुठला, हे ओळखण्याचं काम कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर करतं. त्याला ओसीआर म्हणतात. मशीन कितीही भारी घेतलं तरी ओसीआरला कन्नड येत नसेल तर कन्नड वाचलं जाणार नाही.

टप्पा १: ज्या कॉम्प्युटरला जोडणार त्याची माहिती कागदावर उतरवा

कुठल्या कॉम्प्युटरला जोडणार हे आधी नक्की करा. मालकांच्या लॅपटॉपवर तपासलं आणि प्रत्यक्षात जोडलं काउंटरवरच्या जुन्या पीसीला, असं फार होतं. जिथे स्कॅनर कायम राहणार त्याच कॉम्प्युटरसमोर बसून पुढची माहिती लिहा.

पहिली गोष्ट, विंडोज कुठली. सेटिंग्ज उघडा, सिस्टिम, मग खाली अबाउट. तिथे आवृत्ती दिसते आणि ‘सिस्टिम टाइप’च्या ओळीत ३२ बिट की ६४ बिट तेही दिसतं. विंडोज ७ असेल तर सेटिंग्जऐवजी ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये हीच माहिती मिळते. अकाउंटिंगचं जुनं सॉफ्टवेअर नीट चालतंय म्हणून आपल्याकडे बऱ्याच ऑफिसांत अजून विंडोज ७ ठेवलेली आहे. तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण नवे स्कॅनर बनवणाऱ्या कंपन्या जुन्या विंडोजसाठी ड्रायव्हर देणं थांबवतात. दोन वर्षांत कॉम्प्युटर बदलायचा विचार असेल तर आत्ताच विंडोज ११ वर चालणारं मॉडेल बघा.

३२ आणि ६४ बिटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण घोळ इथेच होतो. ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिट ड्रायव्हर बसत नाही. ओळखीच्यांकडून स्वस्तात मिळालेला जुना कार्ड स्कॅनर असेल आणि कंपनीने त्याचा ६४ बिट ड्रायव्हर कधी काढलाच नसेल, तर तो नव्या कॉम्प्युटरवर सरळ मार्गाने चालणार नाही.

दुसरी गोष्ट, प्रोसेसर. इंटेल किंवा एएमडी असेल तर प्रश्न नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप आता बाजारात आहेत. त्यांच्यावर विंडोज ११ असली तरी ड्रायव्हर वेगळा, एआरएमसाठी (या प्रोसेसरच्या रचनेसाठी) बनवलेला लागतो. तो सगळ्या स्कॅनरांना मिळत नाही. असा लॅपटॉप असेल तर कंपनीच्या साइटवर एआरएमचा स्पष्ट उल्लेख दिसेपर्यंत पैसे देऊ नका.

तिसरी, पोर्ट. मागचे-पुढचे यूएसबी पोर्ट मोजा आणि त्यातले रिकामे किती ते बघा. टाइप-सी आहे की जुना चौकोनी टाइप-ए? छोटे कार्ड स्कॅनर बहुधा यूएसबीवरूनच वीज घेतात. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. चार वस्तू लावलेल्या स्वस्त हबवर स्कॅनर लावला की कार्ड अर्ध्यात अडकतं आणि दोष मशीनच्या माथी येतो.

चौथी, ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे. ड्रायव्हर बसवताना तो मागितला जातो. पीसी बसवून दिलेला मुलगा आता पुण्यात नोकरीला असेल तर त्याला आजच फोन करून पासवर्ड विचारून ठेवा. नव्या लॅपटॉपवर विंडोज ‘एस मोड’मध्ये नाही ना, तेही बघा. एस मोडमध्ये मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर बसत नाही.

मॅक असेल तर एकच सांगतो: २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकवर ३२ बिट सॉफ्टवेअर चालत नाही. त्यामुळे जुन्या स्कॅनरची सीडी निरुपयोगी. मॅकमधल्या ‘इमेज कॅप्चर’मध्ये दिसणारं मॉडेल घ्या. लिनक्स वापरणाऱ्यांनी, तिथे स्कॅनर चालवणाऱ्या ‘सेन’ प्रकल्पाची मॉडेलांची यादी बघितल्याशिवाय काहीच घेऊ नये.

तपासा: कागदावर विंडोजची आवृत्ती, किती बिट, प्रोसेसर, रिकामा पोर्ट आणि ॲडमिन पासवर्ड कुणाकडे, या पाच नोंदी आहेत का? एक जरी राहिली असेल तर दुकानाची पायरी चढू नका.

टप्पा २: गठ्ठ्यातून नमुन्याची कार्डं वेगळी काढा

सगळी कार्डं एकसारखी नसतात, आणि आपल्या भागात तर मुळीच नाहीत. गठ्ठा टेबलावर पसरा आणि डझनभर कार्डं निवडा. साधी सरळ कार्डं निवडू नका, मुद्दाम अवघड निवडा: सोनेरी किंवा चंदेरी फॉइलचं एक, काळ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांचं एक, लॅमिनेशन केलेलं एक, प्लास्टिकचं एक, उभं छापलेलं एक, घडीचं एक, पेनाने मागे दुसरा नंबर लिहिलेलं एक.

आपल्याकडचं नेहमीचं कार्ड जवळून बघा. हायड्रॉलिकचं जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या कारखान्याचं धरा. पुढच्या बाजूला इंग्रजीत नाव, मोबाइल, ईमेल. मागच्या बाजूला कन्नडमध्ये पत्ता, त्याच्याखाली मराठीत ‘आमच्याकडे सर्व प्रकारची लेथ कामे केली जातील’. कोपऱ्यात चंदेरी लोगो. आणि अगदी तळाला, भिंगाशिवाय दिसणार नाही इतक्या बारीक टाइपात जीएसटी नंबर. एका कार्डावर तीन लिप्या, दोन बाजू आणि चकाकणारा लोगो. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाने ऑनलाइन दिलेले पाच तारे या कार्डाबद्दल काही सांगत नाहीत.

आता मापं. आपल्याकडे नेहमीचं कार्ड ३.५ इंच बाय २ इंच, म्हणजे साधारण ८९ बाय ५१ मिलिमीटर. एटीएम कार्डाच्या मापाचं कार्ड ८५.६ बाय ५४ मिलिमीटर आणि ०.७६ मिलिमीटर जाड. कागदी कार्डं बहुधा ३०० ते ३५० जीएसएमची (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतात. स्कॅनरच्या माहितीपत्रकात साध्या कागदाची जाडी आणि कार्डाची जाडी वेगवेगळी लिहिलेली असते. आपल्याला दुसरी बघायची. पहिलीच वाचून घेतलेल्या मशीनमध्ये जाड कार्ड अडकतं.

ओलाव्याचाही विचार करा. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा दमट, खानापूरच्या बाजूला तर कपडेसुद्धा वाळत नाहीत. कार्डं फुगतात, वाकतात, लॅमिनेशनवाली एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात गठ्ठा थेट फीडरला, म्हणजे कार्डं एकेक करून आत ओढणाऱ्या भागाला, लावला की दोन कार्डं एकदम आत जातात. आदल्या रात्री जाड वहीखाली दाबून, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

शेवटी संख्या. एकूण दोनशे-तीनशेच कार्डं असतील आणि महिन्याला आठ-दहा नवी येत असतील, तर वेगळा स्कॅनर घेऊच नका. फोनचा कॅमेरा आणि ऑफिसातल्या प्रिंटरवरची स्कॅनरची काच पुरेशी आहे. हे लिहिताना मला दुकानदारांची नाराजी दिसते आहे, पण पैसे तुमचे आहेत.

टप्पा ३: भाषेचा निकाल मशीनच्या आधी लावा

सीमाभागात सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका.

स्कॅनरच्या खोक्यावर ‘वीसहून अधिक भाषा’ असं छापलेलं असतं. त्या भाषा बहुधा युरोपातल्या असतात, शिवाय चिनी, जपानी, कोरियन. मराठी आणि कन्नड या दोन नोंदी यादीत स्वतंत्रपणे दिसल्या पाहिजेत. ‘हिंदी आहे, म्हणजे मराठी आलंच’ असं दुकानात सांगतात, ते धरून चालू नका. देवनागरी लिपी एक असली तरी ओसीआर शब्द ओळखताना त्या भाषेच्या मजकुराचा आधार घेतो. हिंदी निवडलं की ळ दगा देऊ शकतो आणि ‘बेळगाव’सारखं गावाचं नावच बदलतं. व्यापाऱ्यांची, शेतकऱ्यांची अशा शब्दांतला अर्धा र तर बऱ्याचदा गायब होतो.

इथून पुढे दोन वाटा आहेत. कुठली आपली, ते ठरवा.

पहिली वाट: नाव, कंपनी, मोबाइल, ईमेल आपोआप वेगवेगळ्या रकान्यांत पडले पाहिजेत. हे काम कार्ड वाचणारी खास सॉफ्टवेअरं करतात आणि इंग्रजी बाजूवर चांगलं करतात. मराठी-कन्नड बाजूवर त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

दुसरी वाट: कार्डाची दोन्ही बाजूंची चित्रं साठवायची आणि आतला मजकूर शोधता आला पाहिजे. त्यासाठी नॅप्स-टू हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, स्कॅनर आणि सॉफ्टवेअर जोडणाऱ्या ट्वेन आणि डब्ल्यूआयए या दोन्ही प्रकारच्या ड्रायव्हरांशी बोलतं. त्याच्या आत टेसरॅक्ट नावाचं ओसीआर आहे, आणि टेसरॅक्टसाठी मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषांच्या फायली मोफत मिळतात. त्यातून शोधता येणारी पीडीएफ तयार होते. नाव-नंबर वेगळे करून देण्याचं काम मात्र ते करत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

माझं मत स्पष्ट आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या नेहमीच्या ऑफिसासाठी दोन्ही वाटा एकत्र वापराव्यात. रकाने इंग्रजी बाजूवरून भरायचे आणि मराठी-कन्नड बाजूचं चित्र त्याच नोंदीला जोडून ठेवायचं. पूर्ण मराठी कार्ड असेल, जसं की मंगल कार्यालय, आचारी, पतसंस्था, तर नाव हाताने टाइप करा. दहा सेकंद जातात. चुकलेलं नाव नंतर शोधण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

सजावटी अक्षरांच्या फंदात पडू नका. शिरोरेषा मोडलेली, कुंचल्याने काढल्यासारखी नावं कुठलंच ओसीआर नीट वाचत नाही. तो सॉफ्टवेअरचा दोष धरून मशीन परत करायला जाऊ नका.

थांबा: एखादं ॲप सुचवलं गेलं तर ते भारतात चालू आहे का, हे बघा. कॅमकार्ड हे कार्ड वाचणारं प्रसिद्ध ॲप नोव्हेंबर २०२० च्या बंदीच्या यादीत होतं, कॅमस्कॅनर त्याच वर्षी जूनच्या यादीत. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून त्यांचीच नावं घेतलेली दिसतात. शिवाय कार्डावरची माहिती दुसऱ्याची आहे. ती कुठल्या सर्व्हरवर जाते हे न वाचता हजार माणसांचे नंबर एखाद्या मोफत ॲपमध्ये ओतू नका.

तपासा: विकत घ्यायच्या आधीच, नमुन्यातल्या दोन मराठी आणि दोन कन्नड कार्डांचे फोनने काढलेले फोटो ठरवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघा. गुगल ड्राइव्हवर फोटो चढवून तो गुगल डॉक्समध्ये उघडला की मजकूर बाजूला निघतो, तोही एक अंदाज. फोटोतून जे वाचलं जात नाही, ते स्कॅनर आल्यावर वाचलं जाईल अशी आशा फार कमी.

टप्पा ४: आता मशीनचा प्रकार

इथे फार वेळ लागत नाही.

फक्त कार्डं ओढून घेणारा छोटा स्कॅनर टेबलावर जागा कमी घेतो, पण बिलं आणि चलनं त्यात जात नाहीत. ए-४ कागद आणि कार्ड दोन्ही घेणारा फीडरवाला स्कॅनर महाग, तरी ऑफिसासाठी मला तोच योग्य वाटतो. एपसन, कॅनन, ब्रदर, रिको अशा कंपन्यांची या प्रकारची मॉडेलं आहेत. रिकोची स्कॅनस्नॅप मालिका आधी फुजित्सुच्या नावाने यायची, म्हणून जुन्या माहितीत ते नाव दिसलं तर गोंधळू नका. काचेचा स्कॅनर हळू, मात्र फॉइलची आणि घडीची कार्डं त्यावरच सगळ्यात चांगली येतात. ऑफिसातल्या ऑल-इन-वन प्रिंटरवर तो आधीच असेल.

कुठलाही प्रकार घ्या, या अटी सोडू नका.

१. दोन्ही बाजू एका फेरीत. दुसऱ्या भाषेचा मजकूर मागच्या बाजूला असतो. एकाच बाजूचं मशीन घेतलं की प्रत्येक कार्ड दोनदा घालायचं आणि मग कुठली मागची बाजू कुठल्या पुढच्याची, हे जुळवत बसायचं.

२. ट्वेन किंवा डब्ल्यूआयए ड्रायव्हर. काही छोटे कार्ड स्कॅनर फक्त स्वतःच्या सॉफ्टवेअरबरोबरच चालतात. कंपनीने ते सॉफ्टवेअर बंद केलं की चांगलं मशीन भंगारात जातं. कार्डस्कॅन नावाची यंत्रं एके काळी खूप खपायची. आता बनत नाहीत, पण जुन्या बाजारात अजून फिरतात. घेऊ नका.

३. खरा डीपीआय. कार्डाला ३०० पुरतो, बारीक जीएसटी नंबरासाठी ४०० ते ६००. खोक्यावरचा १२०० किंवा २४०० चा आकडा ‘इंटरपोलेटेड’ असेल तर तो सॉफ्टवेअरने फुगवलेला आहे. ‘ऑप्टिकल’ लिहिलेला आकडाच धरा.

४. कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्कॅनरचा उजेड-रंग जुळवून घेण्याचं, कार्ड. बऱ्याच फीडर स्कॅनरांबरोबर एक खास पांढरं-काळं कार्ड येतं. सेकंडहँड घेताना ते मागा. नसेल तर स्कॅनवर आलेल्या उभ्या रेघा काढणं अवघड.

टप्पा ५: पैसे देण्याआधी ड्रायव्हर उतरवून घ्या

या एका टप्प्याने निम्म्या तक्रारी संपतात, आणि नेमका हाच वगळला जातो.

आवडलेल्या मॉडेलचं पूर्ण नाव लिहा, शेवटच्या अक्षरांसह. एका अक्षराच्या फरकाने ड्रायव्हर बदलतो. बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर सपोर्ट विभागात जा, मॉडेल टाका, टप्पा १ मधली विंडोज निवडा. फाइल दिसली तर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. ड्रायव्हरची तारीख बघा. शेवटचा ड्रायव्हर सहा-सात वर्षांपूर्वीचा असेल तर त्या मॉडेलकडे कंपनीने पाठ फिरवली आहे असं समजा.

‘मोफत ड्रायव्हर’ देणाऱ्या इतर साइटींवर जाऊ नका. कार्ड स्कॅनरचा ड्रायव्हर शोधताना अकाउंटच्या कॉम्प्युटरवर व्हायरस आणायचा नाही.

घरात जुना स्कॅनर पडून असेल आणि ड्रायव्हर मिळत नसेल, तर व्ह्यूस्कॅन हे पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर हजारो जुनी मॉडेलं चालवतं. आधी चाचणी आवृत्तीवर आपलं मशीन ओळखलं जातंय का ते बघा, मग पैसे द्या.

सावधान: जुन्या ड्रायव्हरसाठी विंडोज सिक्युरिटीमधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही संरक्षणाची सोय बंद करा, असा सल्ला मिळेल. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर हे करू नका. त्यापेक्षा दुसरं मशीन घ्या.

टप्पा ६: दुकानात, आपला लॅपटॉप आणि आपली कार्डं घेऊन

काउंटरवर दुकानदाराचं चकचकीत कार्ड घालून दाखवतात. ते सगळ्यांचंच नीट येतं. सरळ म्हणा, “मालक, माझ्या लॅपटॉपवर लावून हीच कार्डं काढून दाखवा की.” डझनभर अवघड कार्डं पुढे ठेवा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

बघायचं ते असं. फॉइलच्या कार्डावर अक्षरं काळी पडतात का? काळ्या कार्डाच्या कडा सॉफ्टवेअर ओळखतं का, की कार्ड अर्धवट कापतं? उभं कार्ड आपोआप सरळ होतं का? दोन कार्डं एकदम ओढली गेली तर मशीन थांबतं का? पेनाने लिहिलेला नंबर चित्रात स्पष्ट दिसतो का? तो ओसीआर वाचणार नाही, पण डोळ्यांनी वाचता आला पाहिजे.

मग प्रश्न. किंमत १८ टक्के जीएसटीसह की वगळून? सॉफ्टवेअरचं लायसन्स कायमचं की वर्षाला पैसे? किती कॉम्प्युटरवर चालेल? रोलर सुटे मिळतात का? सर्व्हिस सेंटर बेळगावात की मशीन हुबळीला किंवा कोल्हापूरला पाठवावं लागेल, आणि जाण्या-येण्याचा खर्च कुणाचा? उत्तरं बिलाच्या मागे लिहून घ्या. बिलावर आपला जीएसटी नंबर आणि मशीनचा सीरिअल नंबर हवाच.

ऑनलाइन मागवणार असाल तर मशीन बदलून मिळण्याची मुदत किती दिवसांची ते आधी वाचा आणि मशीन आल्या दिवशीच ही चाचणी करा. दिवाळीच्या सेलमध्ये घेऊन तुळशीच्या लग्नानंतर खोकं उघडणाऱ्यांची मुदत संपलेली असते.

टप्पा ७: बसवण्याचा क्रम

१. केबल अजून लावू नका. बऱ्याच कंपन्या आधी ड्रायव्हर आणि मग केबल असं सांगतात. उलट केलं तर विंडोज स्वतःचा अर्धवट ड्रायव्हर लावते आणि नंतर खरा ड्रायव्हर बसायला अडतो.

२. पेन ड्राइव्हवरचा ड्रायव्हर ॲडमिन पासवर्डने बसवा. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून चालू करा.

३. खोक्यातलीच केबल मागच्या पोर्टला लावा. फोनच्या चार्जिंगच्या काही केबलींमधून फक्त वीज जाते, डेटा जात नाही. स्कॅनरचा दिवा लागतो, कॉम्प्युटरला मात्र काहीच दिसत नाही. ‘मशीन खराब’ म्हणण्याआधी केबल बदला.

४. कंपनीचं सॉफ्टवेअर न उघडता आधी नॅप्स-टूमधून एक कार्ड काढा. इथे आलं म्हणजे ड्रायव्हर ठीक. पुढे कार्ड वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अडलं तर दोष त्या सॉफ्टवेअरचा, हे लगेच कळतं. ट्वेनमध्ये स्कॅनर दिसत नसेल तर ३२ बिट ट्वेन ६४ बिट सॉफ्टवेअरला दिसत नाही, हे आठवा आणि डब्ल्यूआयए निवडून बघा.

५. सेटिंग ठरवा: रंगीत, ३०० डीपीआय, दोन्ही बाजू, कार्ड सरळ करण्याचा पर्याय चालू. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडू नका. फाइल छोटी होते, पण लाल कागदावरची काळी अक्षरं आणि सोनेरी नावं कायमची जातात.

तपासा: सलग वीस कार्डं न अडकता गेली आणि वीसच्या वीस मागच्या बाजू चित्रात आल्या का?

टप्पा ८: नोंदी तपासल्याशिवाय फोनमध्ये ओतू नका

गठ्ठा संपल्याच्या आनंदात सगळं थेट फोनवर पाठवलं जातं आणि आधीची नीट असलेली यादीही बिघडते. आधी फोनच्या जुन्या कॉन्टॅक्टची एक प्रत काढून बाजूला ठेवा.

नंबर तपासायला सोपे नियम आहेत. मोबाइल दहा आकडी. बेळगावचा लँडलाइन ०८३१ धरून अकरा आकडे. खानापूरचा कोड ०८३३६, निपाणी-चिकोडीचा ०८३३८. तिथेही कोडसह बेरीज अकराच. एक आकडा कमी-जास्त असेल तर चित्र उघडून बघा. बहुतेक वेळा शून्याच्या जागी इंग्रजी ओ आलेला असतो.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा. सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा म्हणजे पॅन: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. त्यात पाच आणि एस, आठ आणि बी, शेवटाकडचा झेड आणि दोन यांची अदलाबदल हमखास होते. खानापूरच्या कार्डावर २७ दिसला तर लगेच चूक मानू नका. नोंदणी महाराष्ट्रातल्या चंदगडची असू शकते. पिन कोड जुळवा: बेळगाव जिल्ह्याचे ५९० आणि ५९१ ने सुरू होतात, कोल्हापूरचे ४१६ ने.

मराठी बाजूवरून घेतलेले नंबर देवनागरी आकड्यांत येतात. सगळे इंग्रजी आकड्यांत करा, नाहीतर तोच माणूस यादीत दोनदा राहतो.

गावांची नावंही एकसारखी करा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्याच दिवशी हुबळी, विजापूर, गुलबर्गा, बंगळूर यांचीही सरकारी नावं बदलली. गठ्ठ्यातली निम्मी कार्डं त्याआधीची. इंग्रजीत जुनं आणि नवं अशी दोन्ही स्पेलिंगं येतात आणि शहरानुसार यादी काढली की अर्धी माणसं सुटतात. शहराचा एकच रकाना ठेवा, त्यात एकच स्पेलिंग वापरा. कार्डावर काय छापलंय ते चित्रात आहेच.

एक्सेलमध्ये नेताना सीएसव्ही फाइलवर (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) डबल क्लिक करू नका. एक्सेल आधी उघडा, डेटामध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट’ निवडा, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि नंबरांचा रकाना ‘टेक्स्ट’ करा. हे केलं नाही तर मराठीचं कडबोळं होतं, ०८३१ मधला पहिला शून्य उडतो आणि ९१ लावलेला मोबाइल नंबर ‘९.१९ई+११’ असा दिसतो. त्या अवस्थेत सेव्ह केलेली फाइल फोनमध्ये घेऊ नका.

फोनमध्ये न्यायला व्हीकार्ड (कॉन्टॅक्टच्या फाइलचा एक प्रकार) वापरत असाल तर आवृत्ती ३ निवडा. जुन्या २.१ मध्ये देवनागरी नावं पुष्कळदा ‘=’ या चिन्हाने आणि आकड्या-अक्षरांनी भरून येतात. आधी पाच नोंदींची फाइल करा, फोनमध्ये घ्या, त्यातल्या एकाला प्रत्यक्ष फोन लावा. लागला तर उरलेल्या न्या.

टप्पा ९: चालू राहण्यासाठी

लॅमिनेशनची कार्डं आणि मशीन-शॉपमधून आलेली तेलकट बोटांची कार्डं रोलरवर थर बसवतात. कार्डं तिरकी जायला लागली की रोलर पुसायची वेळ झाली. धागे न सुटणारं कापड आणि माहितीपत्रकात सांगितलेलाच द्रव वापरा. थिनर किंवा पेट्रोल रबर खातं. स्कॅनवर एक सरळ उभी रेघ येत असेल तर काचेच्या पट्टीवर धुळीचा कण आहे, आधी तो पुसा, मग कॅलिब्रेशन कार्ड चालवा.

ड्रायव्हरची फाइल, सॉफ्टवेअरचा लायसन्स नंबर आणि बिलाचा फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची प्रत त्या कॉम्प्युटरबाहेर कुठेतरी असू द्या. कॉम्प्युटर फॉरमॅट करायला देण्याच्या आदल्या दिवशी या तिन्ही गोष्टी उघडून बघा. विंडोजचा मोठा अपडेट येईल तेव्हा, अपडेट झाल्यावर लगेच एक कार्ड काढून पाहा. अडलं तर जुना ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरचा नवा बसवा. मूळ कार्डं मात्र नोंदी तपासून होईपर्यंत टाकू नका, आणि पेनाने काही लिहिलेली तर त्यानंतरही.